तळ्यालाही अजीर्ण होतं!

सकाळी नळाला पाणी आलं नाही तर घरात काय तारांबळ उडते, ते मैत्रिणींनो, मी तुम्हाला सांगायला नको. पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, टाकी भरायला किती वेळ लागतो, चार पाहुणे आले तर किती बादल्या जास्त लागतात, हा सगळा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण हेच पाणी वापरून झालं, मोरीच्या जाळीतून खळखळ करीत खाली गेलं, की पुढे त्याचं काय होतं याचा हिशेब आपल्यापैकी कितीजणी ठेवतात? जाळीखाली गेलं ते गेलं. आपल्या लेखी ते संपलं!

ते संपत नाही, बरं का. ते उताराने वाहत जातं आणि जिथे सखल जागा सापडेल तिथे जाऊन साठतं. पुष्कळ गावांत त्या सखल जागेच्या काठी एखादं जुनं देऊळ असतं, संध्याकाळी तिथे भेळेच्या गाड्या लागतात, मुलं बदकं बघायला जातात आणि गौरी-गणपतींची बोळवणही तिथेच होते. ती जागा म्हणजे आपल्या गावचं तळं.

या तळ्यांचं रूप कसं पालटतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पाणी हिरवंगार, दाट, जणू पालकाचं सार. कडेला शेवाळाची साय. मधे जलपर्णीचा गालिचा. उन्हाळ्यात तर नाकाला पदर लावल्याशिवाय काठावरून जाववत नाही आणि मधूनच एखाद्या सकाळी शेकडो मासे मरून वर आलेले दिसतात. "कुणीतरी विष सोडलं असणार," असं म्हणून आपण मोकळे होतो. कारखान्यांचा दोष मला कमी करायचा नाही. पण ज्या गावात नावालाही कारखाना नाही, तिथलं तळंसुद्धा असंच का होतं? कारण तळं जसं विषाने मरतं, तसं ते अति खाण्यानेही मरतं. आणि हे खाणं बव्हंशी तुमच्या-माझ्या घरातूनच जातं.

तिघी शेजारणी

मुंबईची तीन तळी पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते ध्यानात येईल. विहार तलाव बांधला गेला १८६० साली, तुळशी १८७९ साली आणि पवई १८९१ साली. तिन्ही माणसाने बांध घालून तयार केलेले आणि तिन्ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी. तिघी अगदी शेजारणी. त्याच टेकड्या, तोच पाऊस.

आज विहार आणि तुळशी मुंबईला पिण्याचं पाणी देताहेत. पवईचं पाणी पिण्यासाठी घेणं मात्र फार पूर्वीच थांबलं आणि आजच्या पवईचं पाणी कुणी ओंजळीतही घेणार नाही. असा फरक का पडावा? विहार आणि तुळशीत येणारं पावसाचं पाणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून झिरपत येतं. पवईच्या पाणलोटात मात्र वस्ती उभी राहिली. टेकड्या फोडल्या गेल्या, इमारती आल्या, झोपड्या आल्या, रस्ते आले. पावसाबरोबर माती वाहून तळ गाळाने भरत गेला आणि घराघरांतलं सांडपाणी नाल्यांतून थेट तलावात येऊ लागलं. पाऊस तिघींवर सारखाच पडतो. फरक आहे तो पाणी कुठल्या अंगणातून येतं त्याचा.

तरीही पवई तलाव मेलेला नाही. मगरी अजून तिथे नांदताहेत, पक्षी येताहेत. त्याच्या काठाने सायकलींसाठी रस्ता बांधायला घेतला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवला. म्हणजे तलावाची कड धरणारी माणसंही आहेत. पण काठाची राखण केली तरी पोटात काय जातं, हा प्रश्न उरतोच.

तळ्याचं स्वयंपाकघर

निरोगी तळं म्हणजे एक नेटकं चालवलेलं घरच असतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्यांना आपण शैवाल म्हणू. सूर्य ही त्यांची चूल. त्यांनी रांधलेलं बारीक जलकीटक खातात, कीटकांना लहान मासे, लहानांना मोठे आणि मोठ्यांना बगळे, खंड्या आणि कोळीदादा. उरलंसुरलं तळाशी जातं. तिथे जिवाणू ते कुजवून स्वच्छ करतात. या साफसफाईला प्राणवायू लागतो, तो पाण्यात विरघळलेला असतो. रांधणारे, जेवणारे आणि उष्टं काढणारे, तिघांचं गणित जमलेलं असतं तोवर पाणी नितळ राहतं.

मग हे शैवाल वाटेल तेवढं का वाढत नाही? ऊन भरपूर आहे, पाणी भरपूर आहे. याचं उत्तर शिऱ्यात आहे! समजा, घरात रवा डबाभर आहे, साखर डबाभर आहे, पण तूप मात्र एकच चमचा. शिरा किती होईल? त्या चमचाभर तुपाला पुरेल तितकाच. गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुतेक वेळा हे तूप म्हणजे फॉस्फरस. निसर्गात तो अगदी बेताने मिळतो, म्हणून शैवालही बेतात राहतं.

आणि हा फॉस्फरस कशात असतो? माणसांच्या आणि जनावरांच्या मलमूत्रात, खरकट्यात, शेतातल्या नि बागेतल्या खतात, वाहून येणाऱ्या मातीत आणि कपडे-भांडी धुण्याच्या काही पावडरींत. क्षारांच्या पाण्यातही मळ निघावा म्हणून पावडरीत फॉस्फेट घालण्याची पद्धत आहे. म्हणजे सांडपाण्याची प्रत्येक बादली तळ्याच्या कढईत तूप ओतत असते.

हे नुसतं अनुमान नाही. कॅनडात १९७३ साली डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने मधोमध कंबर असलेलं एक छोटंसं तळं निवडलं. त्या अरुंद कंबरेपाशी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत साखर आणि नत्र घातलं, पण फॉस्फरस एकाच भागात. ज्या भागात फॉस्फरस नव्हता तो जसाच्या तसा राहिला. दुसरा काही आठवड्यांत हिरवागार झाला. त्या तळ्याचं विमानातून काढलेलं चित्र जगभर गाजलं: एक बाजू काळसर निळी, दुसरी शेवाळी.

याची छोटी आवृत्ती घरी मुलांकडून करून घ्या. दोन काचेच्या बरण्यांत एकाच डबक्याचं पाणी भरा. एकीत कुंडीत घालतो त्या रासायनिक खताची चिमूट टाका, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही उजेडाच्या खिडकीत ठेवून पंधरवडाभर पाहा. शाळेत मी मुलींना हा प्रयोग करायला देते. पुस्तकातलं पान पाठ करण्यापेक्षा तो चांगला लक्षात राहतो.

मासे पहाटेच का मरतात?

आता अजीर्ण कसं होतं ते पाहू. शैवाल बेसुमार वाढलं की वरच दाट थर होतो. खाली ऊन पोचत नाही. तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती मरतात आणि त्यांच्या आडोशाने वाढणारी माशांची पिल्लं उघडी पडतात. शैवालाचं आयुष्य थोडं. ते मरून तळाशी जातं. जिवाणूंना इतकं उष्टं उपसावं लागतं की त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो. दिवसा शैवाल स्वतःच थोडा प्राणवायू तयार करतं, पण रात्री चूल बंद आणि श्वास घेणारे मात्र सगळे. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. आपल्याला वाटतं, खेळताहेत. ते गुदमरत असतात.

काही निळ्या-हिरव्या जाती तर याहून वाईट. त्या पाण्यात विषारी द्रव्य सोडतात. अमेरिकेत ईरी नावाचं समुद्रासारखं अफाट सरोवर आहे. त्याच्या काठच्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. आणि त्या सूचनेतलं एक वाक्य आपण गृहिणींनी मनात कोरून ठेवण्यासारखं होतं: पाणी उकळूही नका. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण हे विष जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष घट्ट होतं. "उकळून गार केलेलं आहे, निर्धास्त प्या," असं आपण किती विश्वासाने म्हणतो! त्या विश्वासालाही मर्यादा आहे. म्हणून हिरवट साय धरलेल्या पाण्यात मुलांना पोहू देऊ नका, जनावरांना ते पाजू नका.

ईरीची कथा आणखी एका कारणासाठी सांगितली पाहिजे. १९६०च्या दशकात हे सरोवर 'मेलं' असंच लोक म्हणू लागले होते. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रं सुधारली, धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं आली आणि सरोवर सावरलं. पुढे शेतातून वाहून येणाऱ्या खतांनी तेच दुखणं परत आणलं. अजीर्णाचा रोगी बरा झाला तरी पथ्य सोडून चालत नाही, ते असं.

केर काढला, पण दार उघडंच

आपल्याकडे तळ्याची ओरड झाली की काय होतं? जलपर्णी काढायची मोहीम निघते. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती आपल्या देशात आणली गेली. खतावलेलं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या मुळांशी हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांच्या काही जाती वाढतात. तेव्हा ती काढायलाच हवी, यात वाद नाही. पण यंत्र लावून, ट्रक भरभरून ती काढली आणि नाले तसेच राहिले, तर ती पुन्हा येणारच. वरून भांडं उतू जातंय म्हणून आपण ओटा पुसत बसतो का? आधी गॅस बारीक करतो!

शिवाय तळ्याची स्मरणशक्ती मोठी. नदी वाहती असते, ती पुढे नेऊन टाकते. तळं साठवतं. इतक्या वर्षांचा फॉस्फरस गाळात बसलेला असतो. तळाचा प्राणवायू संपला की तो गाळ फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो. केंद्र सरकारने २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली, त्यात पवईही होतं. तरी पवईला पुनःपुन्हा जलपर्णी येते. नाले अडवणं हे पहिलं औषध. कारंजी, पायऱ्या, रंगीत दिवे त्यानंतर.

जिथे बायकांनीही उंबरठे झिजवले

मग तळं बरं होतच नाही का? होतं. अमेरिकेतल्या सिएटल शहराशेजारी लेक वॉशिंग्टन नावाचं सुमारे ३५ किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. काठच्या गावांची शुद्धीकरण केंद्रं आपलं पाणी त्यात सोडत. लक्षात घ्या, हे 'शुद्ध केलेलं' पाणी होतं. घाण निघाली होती, पण फॉस्फरस त्यात राहिलाच होता. १९५५ साली तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेला त्या पाण्यात एक विशिष्ट शैवाल सापडलं. हेच शैवाल स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या सरोवरात त्या सरोवराचा बिघाड होताना दिसलं होतं. एडमंडसन यांनी धोक्याची सूचना दिली: आज खाणं थांबवा, नाहीतर याचंही तेच होईल.

जेम्स एलिस नावाच्या वकिलाच्या पुढाकाराने योजना तयार झाली. सरोवराला चहूबाजूंनी मोठ्या नळांचा वेढा घालायचा आणि सगळं सांडपाणी बाहेरच्या बाहेर न्यायचं. खर्च अफाट, आणि तो घरोघरच्या लोकांनीच सोसायचा. मार्च १९५८ मध्ये मतदान झालं, योजना पडली. पण लोक खचले नाहीत. महिला मतदारांची 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही संघटनाही प्रचारात होती. सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि योजना मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात नळ एकेक करून वळवले गेले.

पाणी किती नितळ आहे हे पाहायला शास्त्रज्ञ एक पांढरी थाळी दोरीने खाली सोडतात. अगदी वाईट दिवसांत लेक वॉशिंग्टनमध्ये ही थाळी उन्हाळ्यात एक मीटरच्या आतच दिसेनाशी होई. १९७६ नंतर सहा-सात मीटर खोलीवरही ती दिसू लागली. कुणी शैवाल उपसलं नव्हतं, औषध टाकलं नव्हतं. फक्त जास्तीचं खाणं बंद झालं होतं. नवं ताजं पाणी येत राहिलं, जुनं वाहून गेलं आणि शैवाल खाणारे बारीक कीटक परतले. घर आपोआप ताळ्यावर आलं.

आपल्याला त्यांची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी सांडपाणी जवळच्या खोल समुद्रात नेलं. आपल्या आतल्या गावांना समुद्र नाही, आणि सांडपाणी खालच्या गावाच्या नदीत ढकलणं हा काही इलाज नव्हे. आपल्याला फॉस्फरससुद्धा काढून घेणारं शुद्धीकरण हवं, आणि शुद्ध झालेलं पाणी बागांना, शेतीला द्यायला हवं. तळ्याचं अजीर्ण ते शेताचं खत!

आपल्या हातात काय आहे?

नगरपालिकेची कामं नगरपालिकेनेच करायला हवीत. केवळ पावडर बदलून तळं सुधारेल, असं भाबडं आश्वासन मी देणार नाही. पण घरात करण्यासारखं बरंच आहे, आणि ते फुकट आहे.

१. खरकटं, आंबलेलं ताक, भाताची पेज, उरलेली आमटी मोरीत ओतू नका. भांडं घासण्याआधी ते निपटून ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या कुंडीत टाका. तळणाचं जळकं तेल कागदाने टिपून घ्या.

२. कपडे धुण्याची पावडर अंदाजाने ओतू नका, चमच्याने मोजा. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, हा निव्वळ समज आहे. ज्या पावडरीत फॉस्फेट नाही असं पाकिटावर लिहिलं आहे, ती पसंत करा. पैसेही वाचतात, खळबळण्याचं पाणीही वाचतं.

३. निर्माल्य तळ्यात सोडू नका. फुलं कुजताना प्राणवायू खातात. घरच्या तुळशीला त्याचंच खत होतं. देवाला वाहिलेलं देवाच्याच पायी. गणपती लहान नि शाडूचा आणा आणि विसर्जन बादलीत किंवा कृत्रिम हौदात करा. प्लास्टरच्या मूर्ती लवकर विरघळत नाहीत आणि रंगातली द्रव्यं पाण्यात उतरतात.

४. कुंड्यांना, बागेला खत देऊन लगेच पाऊस येईल असं वाटत असेल, तर खत देऊच नका. ते रोपाला न मिळता गटारात जातं.

५. रस्त्याकडेची पावसाळी गटारं ही सांडपाण्याची गटारं नव्हेत. त्यांतलं पाणी बहुतेक ठिकाणी कसलंही शुद्धीकरण न होता थेट ओढ्यात किंवा तळ्यात जातं. गाडी धुतल्याचं, जिना धुतल्याचं साबणाचं पाणी तिकडे लोटू नका.

६. तुमच्या घराला सेप्टिक टँक असेल तर तो वेळेवर उपसून घ्या, आणि उपसणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, "हे नेऊन कुठे ओतता?" उत्तर ऐकून तुम्हाला धक्का बसण्याची शक्यता आहे.

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाजीवालीला आपण विचारतो, "वांगी कुठली गं?" दूधवाल्याला विचारतो, "म्हशीचं ना?" मग नगरसेवक मतं मागायला दारात आले की चहाच्या कपाबरोबर आपण त्यांना का विचारू नये, "आमच्या गल्लीचं सांडपाणी कुठे जातं? तळ्यात येणारे नाले किती? त्यांतले अडवले किती?" महिला मंडळाच्या एका बैठकीत पाककृती थोडी बाजूला ठेवून हे तीन प्रश्न एका अर्जावर लिहा आणि तो अर्ज नगरपालिकेत देऊन पोच घ्या. एकटीच्या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर मिळतं. चाळीस सह्यांच्या अर्जाला सहसा मिळत नाही.

आपल्या लहानपणी काठावरून बोट दाखवून "तो बघ मासा!" म्हणता येत असे. आपल्या मुलांना ते म्हणता यावं, एवढीच ही मागणी आहे. पाणी कुठून येतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आता ते जातं कुठे, तेही माहीत करून घेऊ या.